घरी ओतलेल्या जिगला गळ कोणता लावावा? (जिताडा गळ सरळ करून गेला)

भाट्याची_खाडी

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथलं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

गेल्या अमावास्येला भाट्याच्या पुलाजवळ, संध्याकाळी सुकती (ओहोटी) संपत आली असताना, मी घरी ओतलेल्या २१ ग्रॅमच्या जिगला (शिशाचं डोकं ओतलेला गळ, त्यावर रबरी मासा) जिताडा लागला. पहिल्या उडीतच अख्खा दिसला. दोनदा पाण्याबाहेर आला, डोकं झटकलं, मग खाली बसला आणि सरळ पुलाच्या खांबाकडे निघाला. त्या खांबांना कालवं आहेत, दोरी टेकली की संपलंच, म्हणून मी स्पूलवर अंगठा दाबून धरला. दोन-तीन सेकंद सगळं जागच्या जागी थांबलं आणि दोरी एकदम हलकी झाली. मला वाटलं तुटली. गुंडाळून आणली तर शिसं शाबूत, गाठ शाबूत, रबरी मासा फाटलेला आणि गळाचा बाक उघडून जवळजवळ काटकोनात आलेला. त्या रात्री झोप लागली नाही.

माझी पद्धत अशी. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, घरीच केलेला. शिसं जुन्या जाळ्यांच्या गोळ्यांचं. गळ जेटीजवळच्या दुकानातून शंभराच्या पाकिटातले, सरळ दांडीचे, ५/० नंबर. जिगसाठी नेढ्याजवळ मान वळलेली लागते, म्हणून पक्कडीत धरून गॅसवर लाल करतो आणि काटकोनात वाकवतो. शिसं नीट भरतं, पाण्यात जिग सरळ चालते. तीस पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), चाळीस पौंडी लीडर (दोरीच्या टोकाला जोडलेला मजबूत तुकडा), सात फुटी मध्यम रॉड.

प्रश्न असा की यापुढे गळ कोणते घेऊ? स्टेनलेस घ्यावेत का? ६/० ला गेलो तर टिकेल का? नंबर, तारेची जाडी, मानेचा कोन, सगळ्यावर तुमचा अनुभव हवा आहे.

मुरुडची_अनघा

दादा, वाईट वाटलं वाचून. राजपुरी खाडीत माझेही दोन असेच गेलेत.

नंबर वाढवल्याने ताकद वाढते, हा समज आधी काढून टाका. ५/० हा गळाचा आकार झाला. तार किती जाड, ते वेगळं. बारीक तारेचा ६/० हा जाड तारेच्या ४/० पेक्षा आधी उघडतो, कारण टोक दांडीपासून जितकं लांब तितकी उघडायला तरफ मोठी. शिवाय एका कंपनीचा ५/० दुसरीच्या ४/० एवढा भरतो. मी नंबर बघत नाही, मोजपट्टी घेऊन जाते. टोकापासून दांडीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि ते आपल्या रबरी माशाच्या जाडीच्या साधारण दुप्पट हवं. तो निम्मा भाग रबराने भरतो, उरलेला निम्मा माशाच्या जबड्यासाठी. ती जागा उरली नाही तर मासा चावतो, ओढतो आणि सोडून जातो, आपण म्हणतो आज मासे नुसते टोचतायत.

लांबीही बघा. टोक रबराच्या पाठीतून साधारण मध्यावर बाहेर यायला हवं. शेपटीच्या जवळ गेलं की शेपूट हलायची थांबते. दहा सेंटीमीटरच्या शॅडला, म्हणजे रबरी माशाला, मला बहुतेक ५/० बरोबर बसतो, साडेसातच्याला ३/०.

स्पूलवर अंगठा दाबण्याआधी तुमचा ड्रॅग (किती ओढ लागली की रीळ दोरी सोडतं ते) किती किलोवर होता?

मालवणी_गरी

आमच्याकडे त्याला चोणक म्हणतात. तोंड वरून मऊ वाटलं तरी कडा टणक असते आणि डोकं झटकायची रीत वाईट.

स्टेनलेसबद्दल सांगतो. घरात तीन पिढ्या गरवणारी माणसं आहेत. स्टेनलेस गरी, म्हणजे गळ, गंजत नाही म्हणून लोक घेतात, पण तिचं टोक तेवढं टिकत नाही. खडकाला दोनदा घासली की बोथट. त्याच जाडीची चांगली पाणी दिलेली पोलादी गरी जास्त कडक असते. दुसरं, मासा दोरी तोडून गेला तर स्टेनलेस त्याच्या तोंडात फार काळ राहते, कथलाचा मुलामा दिलेली पोलादी त्यामानाने लवकर झिजून गळते. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकाळ भागातल्या माशांना नैसर्गिक आमिष लावायचं तर २००८ पासून स्टेनलेस नसलेले सर्कल गळच (टोक आत दांडीकडे वळलेले) वापरायचा नियम आला, तो याच विचाराने.

तांबूस-तपकिरी दिसणाऱ्या ब्राँझ मुलाम्याच्या गऱ्या मात्र खाऱ्या पाण्याला घेऊ नका. त्या गोड्या पाण्याच्या. एका फेरीत डाग पडतात. काळ्या निकेलच्या अणकुचीदार असतात, पण दर वेळी गोड्या पाण्यात धुवाव्या लागतात. जिगला मी कथलाच्या मुलाम्याची, राखाडी-पांढरी, मंद दिसणारी घेतो. मुस्ताद कंपनी १८७७ पासून गळ करते. त्यांची ३४०७ नंबरची कथलाची आणि ३४००७ नंबरची स्टेनलेसची, दोन्हींचा घाट एकच. दोन्ही हातात घेऊन टोक नखावर लावून बघा.

माझो आजो नवी गरी आधी अंगठ्याच्या नखार लावून बघायचो. म्हणायचो, "नखार घसारली ती गरी नाय, खिळो." मी आजही पाकिटातली प्रत्येक गरी तशीच बघतो. हलकेच टेकवून ओढली की ती नखात रुतून थांबली पाहिजे.

टूलरूम

भाट्याची_खाडी, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: "गॅसवर लाल करतो आणि काटकोनात वाकवतो." तुमचा मासा तिथे गेला.

माझी तीस वर्षं हीट ट्रीटमेंटमध्ये गेली आहेत. गळाची तार जास्त कार्बनच्या पोलादाची असते. कारखान्यात तिला आकार दिल्यावर आठशे अंशांच्या वर तापवून तेलात विझवतात, ती काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. मग पुन्हा बेताने तापवून तो ठिसूळपणा काढतात. जुने लोहार याला पाणी देणं म्हणत. ते पाणी किती उतरलं हे पोलादाचा रंग सांगतो. सव्वादोनशेच्या आसपास गवती पिवळा, तीनशेच्या सुमारास निळा. तुम्ही लाल केलात म्हणजे सहाशेच्याही वर गेलात. तिथे पाणी पूर्ण उतरतं. उरते ती बांधकामावरच्या बाइंडिंग वायरसारखी मऊ तार.

तुम्ही म्हणाल, लाल तर नुसती मान केली, उघडला तो बाक. पण ५/० गळाची दांडी असून असून किती लांब? चार-साडेचार सेंटीमीटर. उष्णता दांडीतून खाली धावते. मान लाल होईपर्यंत बाक निळा झालेला असतो, तोही आधीपेक्षा मऊ. पाकिटात उरलेला एखादा वाकवलेला गळ असेल तर उजेडात धरून बाकाचा रंग बघा आणि इथे लिहा.

आणि कडक गळ थंडच वाकवायचा प्रयत्नही नको. तुटेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे केसाएवढी चीर जाईल आणि ती दिसणार नाही. हातात कितीही कसब असो, मान वळवणं हे काम पाणी द्यायच्या आधीचं आहे. मान वळलेले तयार जिग-गळ मिळतात, तेच घ्या.

भाट्याची_खाडी

टूलरूम काका, पाकिटातले सहा वाकवलेले उरले होते. मान काळपट, मधली दांडी निळी, बाकावर निळसर-जांभळी झाक. मी तो रंग रोज बघत होतो आणि मला तो छान वाटायचा.

अनघाताई, ड्रॅग तराजू लावून साडेचार किलोवर ठेवला होता. अंगठ्याने किती वाढला ते सांगता येणार नाही.

मुरुडची_अनघा

तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याचा तिसरा हिस्सा साडेचार. ड्रॅग अगदी बरोबर होता. अंगठ्याने तो सहज दुप्पट होतो. खांबाजवळ तुम्ही केलंत तेच मीही केलं असतं. म्हणूनच गळ नुसत्या ड्रॅगला नाही, अंगठ्यालाही पुरला पाहिजे.

कुंडलिका_काठ

मी थोडा वेगळा सूर लावतो. सगळे जाड तारेकडे चाललेत, पण जाड तारेची किंमत कुणी सांगत नाही.

मी रेवदंड्याच्या खाडीत खारफुटीच्या कडेला हलकं गरवतो. सात-दहा ग्रॅमची जिग, पंधरा पौंडी ब्रेड. तिथे जाड तारेचा गळ लावला तर मध्यम रॉडने तो जबड्यात शिरतच नाही. रॉड वाकतो, दोरी ताणते आणि टोक कातडीवर अडकून राहतं. मासा तोंड उघडतो, जिग परत. एक अख्खा मोसम मी याच चुकीत घालवला. तार बारीक केली आणि त्याच रॉडवर मासे टिकायला लागले. दुसरं, खारफुटीच्या मुळांत अडकलेली जिग बारीक तार असेल तर ओढल्यावर गळ थोडा उघडून सुटून येते. पक्कडीने परत आकार द्यायचा, दोनदा झालं की फेकायचा. जाड असेल तर शिसं, लीडर, सगळंच खाडीच्या तळाला जातं, आणि त्या तळाशी माझं पुरेसं शिसं पडलंय, आणखी टाकायची इच्छा नाही.

म्हणजे गळ रॉडला आणि दोरीला जोडीदार हवा. भाट्याच्या पुलावर तीस पौंडाला जाड तार ठीक. माझ्याकडे नाही.

टूलरूम

हे पटलं. टोक शिरायला लागणारं बळ तारेच्या जाडीबरोबर झपाट्याने वाढतं, टोकाजवळच्या उलट्या दाताने आणखी. पक्कडीने तो दात चेपून टाका, जाड तारही निम्म्या कष्टात शिरते आणि मासा सोडतानाही त्याचा जबडा फाटत नाही. दोरी सैल होऊ दिली नाही तर मासा सुटत नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय.

अर्धवट शिरलेल्या गळाबद्दलही एक. जबडा जेव्हा बाकात बसतो तेव्हा गळ पूर्ण ताकद देतो. नुसतं टोक रुतलं असेल तर तीच ओढ टोकाशी लागते आणि गळ कितीतरी कमी वजनाला उघडतो. उघडलेला गळ दर वेळी कच्चाच असतो असं नाही. कधी तो पुरता शिरलेलाच नसतो.

डार्विनहून

मी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला राहतो. इथे जिताड्याला बॅरामंडी म्हणतात आणि तो इथला सगळ्यात लाडका मासा. मूळचा मी दाभोळचा, त्यामुळे हा धागा वाचताना वाशिष्ठीचं पाणी डोळ्यांपुढे आलं.

अजून एका बाजूकडे लक्ष वेधतो. शिशात घट्ट बसवलेल्या गळाला त्या शिशाचंच वजन नडतं. जिताडा पाण्याबाहेर येऊन डोकं झटकतो तेव्हा एकवीस ग्रॅमचा गोळा हातोडीच्या डोक्यासारखा फिरतो आणि दांडी तिचा दांडा होते. भोक मोठं होतं, गळ निसटतो किंवा वाकतो. यावर उपाय म्हणजे गळ शिशात ओतायचाच नाही. साच्यात फक्त तारेची दोन टोकांना नेढी असलेली कडी ठेवून तिच्यावर गोळा ओतायचा. एका नेढ्यात दोरी, दुसऱ्यात स्प्लिट रिंगने (किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी कडी) गळ. गळ मोकळा हलतो, तरफ मोडते.

भाट्याची_खाडी यांना याचा दुहेरी फायदा. मान वळलेला गळ शोधायची गरज उरत नाही, तेच सरळ दांडीचे गळ न तापवता लावता येतील. गंजला की गळ बदलायचा, शिसं तेच. तोटाही सांगतो. फेकताना कधी कधी गळ दोरीत अडकतो, आणि तळावर उड्या मारत आणायची असेल तर घट्ट जिगसारखी अचूक उडी मिळत नाही.

घट्टच हवी असेल तर मानेचा कोन बघा. नव्वद अंशांची मान गोल डोक्याला, खोल पाण्यात वर-खाली नाचवायला. साठ अंशांची लांबट डोक्याला, उथळ पाण्यात सरळ पोहवत आणायला. ती दगडात कमी रुतते. पुलाखालच्या वाहत्या पाण्यात मी साठ घेईन. फक्त साचा त्याच कोनाचा लागतो. आधी गळ ठरवा, मग साचा कोरा. सगळे उलटं करतात आणि मग गळ साच्यात दाबून बसवतात.

जाता जाता, इथल्या नॉर्दर्न टेरिटरीत ५५ सेंटीमीटरखालचा बॅरा ठेवता येत नाही. आणि मोठे सोडलेत तर फार बरं. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. मांडीएवढा जिताडा म्हणजे बहुतेक अंड्यांची मादी.

भाट्याची_खाडी

हे नर-मादीचं मला माहीतच नव्हतं. मग ती गेली ते एका परीने बरंच झालं. तोंडात गळ राहिला नाही हेही बरं.

मालवणी_गरी

गंजाचं एक राहिलं. ओतलेल्या जिगचा गळ कुठे मोडतो ते बघा. शिशातून बाहेर पडतो त्याच जागी, दर वेळी. टोक चकचकीत असतं आणि माणूस फसतो.

टूलरूम

कारण सांगतो. समुद्राच्या पाण्यात शिसं आणि पोलाद एकमेकांना चिकटून राहिले की झिजायचं काम पोलादाच्या वाट्याला येतं. त्यात त्या सांध्याच्या फटीत खारं पाणी दिवसेंदिवस राहतं. म्हणून शिशावर रंग देताना सांध्यावरून दोन-तीन मिलिमीटर दांडीवरही येऊ द्या, फट बुजते. नेलपॉलिशचे दोन हातही चालतात. पावडर कोटिंग करणार असाल तर भट्टी पावणेदोनशे-एकशेऐंशीच्या आत ठेवा. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यावर गेलात तर मुलामा ओघळेल. आणि ती भट्टी स्वयंपाकघरातली नको.

मुरुडची_अनघा

स्वयंपाकघर आलंच आहे तर स्पष्ट लिहिते. दादा, गॅसवर लाल करतो म्हणालात. शिसंही त्याच गॅसवर वितळवत असाल तर आजपासून बंद करा. ज्या भांड्यात शिसं वितळलं त्यात पुन्हा कधीही काही शिजवायचं नाही. वरची राख काढताना उडणारी धूळ जास्त वाईट, ती हाताला लागून पोटात जाते. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, मुलं घरात ठेवून, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा घालून ओता. नंतर साबणाने हात धुवा, कपडे वेगळे धुवा. प्लास्टरचा साचा आठवडाभर उन्हात वाळवलेला हवा. आत थेंबभर पाणी राहिलं तरी वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. माझ्या चुलतभावाच्या मनगटावर त्याची खूण आहे. ब्रिटनने छोट्या शिशाच्या वजनांची विक्री १९८७ सालीच बंद केली, हंस ती गिळून मरत होते म्हणून.

भाट्याची_खाडी

ताई, गॅसवरच करत होतो. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. बंद केलं. जुना स्टोव्ह मागच्या पडवीत नेला, भांडं वेगळं काढून त्यावर लाल रंगाने फुली मारली.

देवगडचा_होडीवाला

मध्येच विचारतो. होडीवरून सुरमईसाठी धातूची लांब जिग वापरतो, तिला खाली तिकडी गळ येतो. तोही उघडतो. त्याला काय लावू?

मालवणी_गरी

तिकडी काढून टाका. तीन टोकं असली तरी प्रत्येकाची तार बारीक, आणि एक टोक लागलं की दुसरं बाहेरून कशात तरी अडकून तरफ करतं. वरच्या कडीला जाड दोरीवर बांधलेला एकेरी गळ लावा, असिस्ट म्हणतात तो. टोक ते दांडी अंतर जिगच्या रुंदीपेक्षा नक्की जास्त हवं, नाहीतर गळ जिगलाच मिठी मारून बसतो. दोरी एवढीच की गळ जिगच्या वरच्या तिसऱ्या भागात राहील. सुरमईचे दात आठवा, असिस्टच्या दोरीत बारीक तार घातलेली घ्या. खाली हवाच असेल तर सरळ नेढ्याचा एकेरी.

भाट्याची_खाडी

तीन आठवड्यांनी लिहितोय.

टूलरूम काकांनी फोनवर सांगितलं तसा प्रयोग केला. नेढ्याजवळ गळ शिकंज्यात पकडला, बाकात जाड दोरी अडकवली, दोरीला सामान मोजायचा लटकता काटा, डोळ्यांवर चष्मा, मी बाजूला उभा. प्रत्येक जातीचे तीन-तीन.

गॅसवर वाकवलेले चार ते साडेचार किलोला उघडायला लागले. म्हणजे माझ्या ड्रॅगलाच. त्याच पाकिटातले न तापवलेले नऊ-साडेनऊपर्यंत टिकले. नवे आणलेले, साठ अंशांच्या मानेचे, जाड तारेचे, कथलाच्या मुलाम्याचे ५/० काटा संपेपर्यंत, म्हणजे बारा किलोपर्यंत, हलले नाहीत. मग ओढ बाकाऐवजी टोकाजवळ लावून पाहिली. न तापवलेले साधे सहाच्या आत उघडले. जाड तारेचे दहाला किंचित. टोकाचा मुद्दा हाताने अनुभवल्यावर नीट समजला.

साचा नवा कोरला, साठ अंशांचा, गळ आधी टेबलावर ठेवून. मोकळ्या गळाचेही आठ गोळे ओतले. उलटे दात सगळे चेपले. गेल्या पौर्णिमेला पुलावर मोकळ्या गळाची जिग टाकली. जिताडा नाही, पण खांबाच्या अगदी बुंध्याशी दोन किलोच्या आतबाहेरची तांबोशी लागली. अंगठा पुन्हा दाबावा लागला. गळ वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात बाकापर्यंत गेला होता आणि पक्कड लावताच सुटला. घरी आणून मोजला, अंतर होतं तेवढंच आहे.

कुंडलिका_काठ

मोकळ्या गळाच्या कडीला तार किती जाडीची घेतलीत? मला सात ग्रॅमच्या गोळ्यात बसवायची आहे.

भाट्याची_खाडी

एक मिलिमीटर, स्टेनलेस. ती न तापवता लांब टोकाच्या पक्कडीने वाकते. नेढी वळल्यावर टोक कडीभोवती दोन वेढे गुंडाळा आणि ते वेढे शिशाच्या आत जाऊ द्या, म्हणजे ओढीला उलगडणार नाहीत. सात ग्रॅमला ०.८ पुरेल, पण आधी काट्याला लावून बघा आणि आकडा इथे टाका.

कुंडलिका_काठ

रविवारी ओततो. अंगणात.